रविवारचा बिघाड

जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत तो अनवाणीच उतरला आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना मान वळवून त्यानं पाहिलं. कोणी नव्हतं. छापखान्याचं शटर रविवारमुळे बंद होतं. शटरला टेकून कागदाच्या रिळांची रिकामी पुठ्ठ्याची नळकांडी उभी होती आणि त्यांच्या सावलीत एक मांजर बसलं होतं. हातातल्या फोनवर मात्र हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘तुमची ऑर्डर पोहोचली आहे. गरमागरम जेवणाचा आनंद घ्या!’

त्यानं मांजराकडे पाहिलं. मांजरानं त्याच्याकडे पाहिलं. दोघंही उपाशी होते.

तो लिफ्टा दुरुस्त करायचा. वय सेहेचाळीस. गेले सात महिने या छापखान्याच्या वरच्या खोलीत एकटा राहत होता. खोली तशी बरी होती, पण मालकानं किल्ली हातात ठेवतानाच अट घातली होती, की खाली कागद आणि शाई आहे, वर काडीसुद्धा ओढायची नाही. त्यानं विजेची शेगडी आणून पाहिली, तर पहिल्याच संध्याकाळी अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडाला. तेव्हापासून त्याचं जेवणखाण फोनवरच चालायचं. आठवडाभर तो एकाच ठिकाणाहून एकच पदार्थ मागवायचा, नूडल्सचं सूप, कारण यादीत सगळ्यांत स्वस्त तेच होतं. रविवारी मात्र जिभेचे थोडे लाड. त्या रविवारी त्यानं भाजलेली कोंबडी, लोण्यात परतलेले बटाटे आणि केकचा एक तुकडा मागवला होता.

लाड म्हणजे काय, तर नाकापेक्षा मोती जड. कोंबडीची किंमत एका ओळीत, आणि तिच्याखाली पोहोचवण्याचे पैसे, पॅकिंगचे पैसे, गर्दीच्या वेळेचे पैसे, आणि ‘सेवा सुलभता शुल्क’ म्हणून आणखी काहीतरी. ही सेवा नेमकी कोणाला सुलभ झाली, ते त्याला कधीच उमगलं नव्हतं. एकदा चिडून त्यानं नुसता पावच मागवला, तर ‘लहान ऑर्डर’ केल्याबद्दल वेगळा दंड लागला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. आता बारा आणे देऊन कोंबडीही आली नव्हती.

वर येऊन त्यानं मदतीचं बटण दाबलं.

‘नमस्कार! मी तुमची मदतनीस. काय अडचण आहे?’

खाली तीन चौकोन होते : जेवण थंड होतं, जेवण कमी होतं, पॅकिंग फुटलं होतं. जेवण आलंच नाही, असा चौकोन नव्हता. बराच विचार करून त्यानं ‘कमी होतं’ दाबलं. काहीच नसणं हेही कमीच की.

‘अरेरे! काय कमी होतं?’

‘सगळं,’ त्यानं लिहिलं.

‘क्षमस्व, मला समजलं नाही. काय कमी होतं?’

पाऊण तास असा गेल्यावर मदतनिशीनं पुरावा म्हणून एक फोटो पाठवला. बंद दारासमोर पायपुसण्यावर ठेवलेली कागदी पिशवी. त्यानं फोटो बोटांनी मोठा केला. दार बदामी रंगाचं होतं. कडीच्या खाली रंगात ब्रशचा एक केस चिकटून राहिला होता. तो केस त्याला ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी ते दार त्यानंच रंगवलं होतं.

दार सासूबाईंचं होतं.

लग्नानंतरची चौदा वर्षं तो त्या दाराआड राहिला होता. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि हा ग्रह तर कायमचाच सासूबाईंच्या घरात मुक्कामाला होता. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. बोलायच्या ते अजूनही असं, की पलीकडे आणखी तीन माणसं ताटकळत आहेत. चौदा वर्षांत दोघांचं भांडण झालं नाही आणि गट्टीही जमली नाही. मधे बायको होती, तिच्यातून सगळे निरोप जायचे. मग आठ-नऊ महिन्यांपूर्वी बायकोला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात मुख्य परिचारिकेची जागा मिळाली.

“तूही चल,” ती म्हणाली होती. “तिथं काय लिफ्टा नाहीत?”

“बघू,” तो म्हणाला. बघू बघू म्हणता महिना उलटला, शब्दानं शब्द वाढला, आणि ती एकटीच गेली.

बायकोच नाही म्हटल्यावर सासूच्या घरात जावयानं कुठल्या नात्यानं राहायचं? आठ दिवस दोघं स्वयंपाकघरात एकमेकांच्या वेळा चुकवत राहिले. नवव्या दिवशी त्यानं दोन पिशव्या भरल्या. सासूबाई ‘राहा’ म्हणाल्या नाहीत, ‘जा’ही म्हणाल्या नाहीत. तो जिन्यात असताना मागे कडी लागल्याचा आवाज मात्र आला. त्यानंतर बायकोशी चार-सहा निरोप झाले असतील, तेही विम्याच्या कागदांचे. सासूबाईंशी तेवढेही नाहीत.

आता तिथं जाऊन काय सांगायचं? ‘आई, माझी कोंबडी द्या’ म्हणून? त्या दिवशी त्यानं डब्यातली बिस्किटं खाल्ली आणि वर पाणी प्यायला.

कारण शोधायला मात्र वेळ लागला नाही. आदल्याच दिवशी एका दहा मजली इमारतीत काम करताना त्याचा जुना फोन लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटला होता. नव्या फोनवर ॲप पुन्हा घेतलं तेव्हा ॲपनंच जुना पत्ता वर काढला होता. त्या पत्त्याला नाव होतं ‘घर’. बिघाड सापडला की निम्मी दुरुस्ती झाली, असं तो गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा. त्यानं नवा पत्ता घातला, त्याला ‘खोली’ असं नाव दिलं, खाली सूचना लिहिली : ‘छापखान्याच्या वर. घंटा बंद आहे, खालून हाक मारावी.’ सोमवार ते शनिवार सूप बरोबर आलं.

दुसऱ्या रविवारी त्यानं मासा आणि भात मागवला. तो पुन्हा बदामी दाराशी पोहोचला.

या वेळी त्यानं हट्टानं जिवंत माणूस गाठला. तिकडून एक अतिशय नम्र आवाज आला.

“सर, पत्ता तुमच्याच खात्यातून बदललेला आहे. आज सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी.”

“नऊ वाजून चार मिनिटांनी मी दाढी करत होतो.”

“हो सर. पण बदल तुमच्याच खात्यातून झालाय.”

“म्हणजे मीच केला?”

“खातं तुमचं आहे, सर.”

“अहो, पण मी केलेला नाही!”

“मी समजू शकतो, सर,” आवाज म्हणाला. गैरसोयीबद्दल त्यानं एक कूपन दिलं. ते तीन दिवसांत वापरायचं होतं, आणि चार माणसांचं जेवण मागवलं तरच लागू होतं.

तो फोन हातात धरून बसून राहिला. त्याच्या धंद्यात असं नसायचं. चौथ्याचं बटण दाबलं आणि लिफ्ट दुसऱ्यावर थांबली, तर त्याला कारण असतं. झाकण उघडायचं, तारा बघायच्या, कुठंतरी काळं पडलेलं सापडतं. इथं झाकणच नव्हतं.

सोमवारी मशीनरूममध्ये त्यानं ही हकीकत जोडीदाराला सांगितली. हा जोडीदार त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. कुठलंही काम करण्याआधी त्यावर छोटं व्याख्यान द्यायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

“फक्त रविवारी?” मास्तरनं विचारलं. “सोमवार ते शनिवार ठीक?”

“अगदी ठीक.”

“सुट्टीच्या दिवशी होणारा बिघाड मी पस्तीस वर्षांत पाहिला नाही बाबा.” मास्तरनं दोराला ग्रीस लावता लावता मान हलवली. “म्हणजे पैसे तू भरायचे आणि जेवायचं तिनं. आंधळं दळतंय आणि...” पुढे सासूबाई येणार हे लक्षात येऊन त्यानं म्हण तिथंच सोडली. “खात्याचं कुलूप बदल. पासवर्ड की काय ते.”

त्यानं बदलायला घेतला. ‘तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर कोड पाठवला आहे,’ असं आलं. कोड काही आला नाही. तीनदा मागवला, तीनदा आला नाही. चौथ्यांदा ॲपनं त्यालाच चोवीस तास थांबायला सांगितलं.

तिसऱ्या रविवारी त्यानं काही मागवलंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि उकडलेली अंडी आणली आणि जिन्यात बसून खाल्ली. सोमवारी सुपासाठी ॲप उघडलं तर पत्ता पुन्हा ‘घर’! कोणी काही मागवलेलं नाही, कोणी बोट लावलेलं नाही, आणि तरी पत्ता आपला आपण परत गेलेला. रात्री झोपेत आपणच बदलतो की काय, अशीही शंका त्याला आली. दोन दिवस तो फोन पेटीत हत्यारांबरोबर ठेवून झोपला.

चौथ्या रविवारी तो हट्टाला पेटला. खास जेवण निवडलं : मशरूमचं सूप, मिरं लावलेली कोंबडी, भात, शेवटी कस्टर्ड. पत्ता मोठ्यानं वाचला, “खोली. छापखान्याच्या वर.” बटण दाबलं. पावतीवर पुन्हा वाचला. ‘खोली.’ मग नकाशा उघडून खिडकीशी बसला.

नकाशावरची छोटी स्कूटर हॉटेलातून निघाली, बाजार ओलांडून पुलापाशी आली. इथून उजवीकडे वळायचं. स्कूटर थांबली. जरा वेळ तिथंच लुकलुकली. आणि डावीकडे वळली.

“अहो, उजवीकडे!” तो फोनवर ओरडला, जणू स्कूटरला ऐकू जाणार होतं. मग भानावर येऊन त्यानं डिलिव्हरीवाल्या बाईला फोन लावला.

“उजवीकडे कशाला?” ती म्हणाली. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते. “पत्ता आत्ताच बदललात ना तुम्ही. पाच मिनिटं नाही झाली.”

“मी नाही बदलला. मी इथं नुसता बसलोय.”

“मग तुमच्याकडे आणखी कोणी वापरत असेल फोन.”

“मी एकटाच राहतो.”

“मग बघा बुवा,” ती जरा मऊ आवाजात म्हणाली. “मला जिथं दाखवतंय तिथंच द्यावं लागतं. नाहीतर माझ्या अंगावर येतं. सिग्नल सुटला, ठेवते.”

त्यानं बूट चढवले. भूक आणि राग यांतलं जास्त काय होतं, ते त्याला सांगता आलं नसतं. बसची वाट न पाहता तो पायीच निघाला, पुलापाशी आला आणि स्कूटरसारखाच डावीकडे वळला.

इमारत तशीच होती. तळमजल्यावर लिफ्ट उभी होती. सवयीनं त्यानं दार सरकवून पाहिलं. खालच्या खाचेत कचरा अडकून ते कुरकुरत होतं. पूर्वी हे तो दर महिन्याला साफ करायचा, कुणी सांगितलेलं नसताना. तो जिन्यानंच तिसऱ्या मजल्यावर गेला. काय बोलायचं ते वाटेत तीनदा पाठ केलं होतं. घंटा वाजवली आणि सगळं विसरला.

दार उघडलं. सासूबाईंचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला.

“आलात,” त्या म्हणाल्या. “या. बूट आत काढा.”

“हाताला काय झालं?”

“मोडला.”

“कधी?”

“महिना होईल. न्हाणीघरात घसरले. शेजारीण घेऊन गेली इस्पितळात.”

“आणि तुम्ही मला...” तो थांबला. मला कळवलं नाही, असं विचारायला आपण कोण?

“मला वाटलं, कळलंय तुम्हाला. बसा.” त्यांनी पायानं खुर्ची सरकवली. “पहिल्या रविवारी दारात कोंबडी आली. पावतीवर तुमचं नाव. म्हटलं, जावईबापूंच्या कानावर गेलेलं दिसतंय. दहा दिवस मी दूध, पाव आणि केळी यांवर होते हो. डाव्या हातानं साधा कांदा चिरला जात नाही.”

त्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी बोट वर केलं.

“दुसऱ्या रविवारी जेवण घेऊन आलेली बाई खाली उभी राहून हाका मारायला लागली. सगळी बिल्डिंग खिडक्यांत. वरून म्हटलं, अगं, घंटा वाजव की येऊन. तर म्हणते, इथं लिहिलंय, घंटा बंद आहे, छापखान्याच्या वर राहतात, हाक मारावी. आता आमच्याखाली कुठाय छापखाना? तेव्हा कळलं.”

“काय कळलं?”

“हे माझं नाही म्हणून.”

भिंतीवरचं घड्याळ पूर्वीसारखंच सात मिनिटं पुढे होतं.

“मग फोन करायचा होतात, आई,” तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. “भूक लागली होती,” त्या म्हणाल्या.

पाठ केलेल्या भाषणात कुठंही या वाक्याची सोय नव्हती.

“आणि लेकीला सांगून बसले होते,” त्या पुढे म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. “रविवारी फोन येतो तिचा. काय जेवलीस म्हणाली. मी खरं तेच सांगितलं. कोंबडी, म्हटलं. जावईबापूंनी धाडली. ती कितीतरी वेळ बोललीच नाही. रडत होती की हसत होती देव जाणे, फोन तिनं छताकडे करून ठेवला होता. आता पुढच्या रविवारी कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाई गं, ते चुकून आलं होतं?”

“हाताचं माहीत आहे तिला?”

“खबरदार सांगाल तर! नोकरी टाकून धावत येईल. आधीच एक संसार...” सासूबाईंनी वाक्य तोडलं आणि त्या स्वयंपाकघराकडे वळल्या. “अर्धं तुमचं ठेवलंय. त्या रविवारचंही ठेवलं होतं, माशाचं. गुरुवारपर्यंत वाट पाहिली, मग टाकलं. आणि मागच्या रविवारी तर काहीच नाही. बसले आपली दोन वाजेपर्यंत.”

टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. एकीवर दुसरी ताटली उपडी झाकली होती. सूप दोन वाट्यांत, कस्टर्ड मात्र एकाच वाटीत.

“कस्टर्ड मी घेणार आहे,” सासूबाई म्हणाल्या.

तो जेवायला बसला. पहिला घास घेतल्यावर त्याला कळलं, की भूकच जास्त होती. समोर सासूबाई डाव्या हातानं चमच्याची कड कोंबडीवर दाबत होत्या आणि तुकडा ताटलीत फिरत होता. थोडा वेळ त्यानं न पाहिल्यासारखं केलं. मग न विचारता ताटली आपल्याकडे ओढली, कोंबडीचे बारीक तुकडे केले आणि ताटली परत सरकवली.

सासूबाईंनी तुकडा तोंडात घातला. “मिरं जास्त झालंय,” त्या म्हणाल्या. “पहिली बरी होती.”

“पण आई, एक कळत नाही,” तो म्हणाला. “पत्ता मी बदलला होता. प्रत्येक वेळी. आज तर डोळ्यांनी वाचून बघितला. तरी हे इकडं येतं कसं?”

“मला काय विचारता? आमच्या वेळी राँग नंबर लागला तर वायर काढायची, दुसरीकडे लावायची. संपलं.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, त्यातली सात मिनिटं मनातल्या मनात वजा केली आणि त्या एकदम एक्स्चेंजमधल्या सुपरवायझर झाल्या. डोक्यानंच त्याला खुणावून त्याची खुर्ची बाजूला करवली, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, प्लास्टरचा हात टेबलाखाली घेतला आणि डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. मग तेच बोट पडद्यावर टेकवलं.

“आई, जेवलीस?”

सात महिन्यांनी तो आवाज त्याच्या कानांवर पडला. थोडा थकलेला, पण तोच. त्यानं चमचा आवाज न करता खाली ठेवला.

“जेवतेय.”

“गरम होतं ना? बारा पन्नासला पोहोचलं. मी बघत होते.”

“तुला गं कसं दिसतं इथलं?”

“अगं, आमचं खातं एकच आहे. माझ्याच ईमेलवर उघडलं होतं ना, तुझी सत्तरी केली तेव्हा. त्यानं काही मागवलं की माझ्या फोनवर येतं.” ती हसली. “आठवडाभर तेच ते सूप खातो गं. दुसरं काही सुचतच नाही त्याला. आणि रविवारी तुला बघ, कस्टर्डसुद्धा!”

सासूबाईंची मान ताटलीवरून वर आली नाही.

“पण धांदरट तो धांदरटच. पत्ता दर वेळी स्वतःचाच राहून जातो त्याच्याकडून. म्हणून मी रविवारी सकाळी उठले की आठवणीनं आपल्या घराचा लावून ठेवते. आज विसरले बघ. फोनवर दिसलं तेव्हा ती बाई निघालीसुद्धा होती. मग मधेच बदलला. म्हटलं, आई उपाशी राहायची.”

त्यानं ताटलीतल्या भाताकडे पाहिलं. शितं मोजत असल्यासारखा तो पाहत राहिला.

“मागच्या रविवारी का नाही पाठवलं कोण जाणे. मी पत्ता लावून बसले होते.”

“मग विचार की त्याला,” सासूबाई म्हणाल्या.

“नको गं. असं बोलून दाखवलं की संकोचतो तो. पाठवायचंच बंद करेल. तूही काही बोलू नकोस.” पलीकडे कुठंतरी दार लागल्याचा आवाज आला. मग ती जरा थांबून म्हणाली, “एक मात्र कळत नाही. रविवारी तो स्वतः काय खातो? त्या दिवशी त्याच्या पत्त्यावर काहीच नसतं.”

टेबल ओलं होतं. तांब्याला टेकलेला फोन हळूहळू सरकायला लागला होता, आणि ते दोघांनाही एकदमच दिसलं. सासूबाईंनी सवयीनं उजवा हात पुढे केला. प्लास्टर तांब्यावर आदळलं, तांब्या कलंडला, आणि पाण्यात पडता पडता फोन त्यानं झेलला.

पडद्यावर त्याची बायको होती. तिनं केस बारीक कापले होते. कपाळावर चष्मा सरकवलेला होता, तो नवा होता.

“आई! तो हात, काय झालं हाताला?” ती ओरडली, आणि मग तिचे डोळे स्थिर झाले. “तू?”

“हात मोडलाय,” सासूबाई टेबलापलीकडून म्हणाल्या. “बरा होत आलाय. ओरडू नकोस.”

बायको आईचं ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. ती त्याच्याकडेच पाहत होती.

“तू तिथं काय करतोयस?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी काही पाठवत नव्हतो, हे सांगता आलं असतं. भांडायला आलो होतो, हेही. यांचा हात मोडलेला मला तासाभरापूर्वीपर्यंत ठाऊक नव्हता, आणि गेले तीन रविवार मी बिस्किटं नाहीतर अंडी खातोय, हेही सांगता आलं असतं. बिघाड काय होता ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं, त्यात लपवाछपवी करू नये, असं त्यानंच नव्या माणसांना कितीदा शिकवलं होतं. त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्या डाव्या हातानं फडकं फिरवून टेबलावरचं पाणी आणखीच पसरवत होत्या.

“जेवतोय,” तो म्हणाला.

चष्मा कपाळावरून खाली आला, मग पुन्हा वर गेला. या वेळी फोन मात्र तिनं छताकडे फिरवला नाही.

“काय आहे आज जेवायला?” तिनं विचारलं.

त्यानं ताटलीकडे पाहिलं आणि सुपापासून सुरुवात करून एकेक पदार्थ सावकाश सांगायला घेतला. तिनं मधे त्याला एकदाही थांबवलं नाही.